लाइन लागत नाही

गेल्या महिन्यातली गोष्ट. आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात हल्ली बिल करताना मोबाईल नंबर विचारतात. आता सवयीचं झालंय ते. पिशवी काउंटरवर ठेवायची, नंबर सांगायचा, पोरगा तो दाबतो, बिल बाहेर येतं. दुसऱ्या दिवशी एकादशी होती म्हणून साबुदाणा, शेंगदाणे आणि खोबरेल तेलाची एक बाटली एवढंच घेतलं होतं. मागे रांग. पोरगा मान वर न करता म्हणाला, "काकू, नंबर?" मी सांगितला. त्याचं बोट तसंच अधांतरी राहिलं. "पुढं?" मी परत सांगितला, जरा सावकाश, नीट. "हां, पण पुढं?" तेव्हा कुठं माझं माझ्याच आवाजाकडं लक्ष गेलं. मी पाचच आकडे सांगत होते. सांगलीच्या घरच्या फोनचे. तो पाच आकडी नंबर कधीच सहा आकडी झाला, मग सात आकडी झाला, मग फोनच काढून टाकला. आणि माझा स्वतःचा दहा आकडी मोबाईल नंबर, जो मी रोज कुणाला ना कुणाला सांगते, तो त्या घटकेला कुठंच सापडेना. रांगेतल्या बाई जरा पुढं झुकल्या. पोरगा बघत होता.

घरी आले, चहा टाकला, आणि कपात ओतेपर्यंत नंबर आला. एका दमात, दहाच्या दहा आकडे. अडुसष्टाव्या वर्षी असं होतं, सगळ्यांचंच होतं, असं हे म्हणाले. पण आमच्या घरानं अक्काचं आजारपण पाहिलेलं आहे. ज्या घरानं ते पाहिलंय तिथं साधा चष्मा सापडला नाही तरी पोटात गोळा येतो. तसा तो आला आणि गेलाही. रात्री झोप लागू दिली नाही ती त्या गोळ्यानं नव्हे, त्या पोराच्या "पुढं?"नं. हा शब्द मी याच सुरात कुणाला तरी विचारत आलेय, पुष्कळदा विचारलाय, हे मला आठवलं. आणि कुणाला तेही आठवलं.

अक्का माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. वडील गेले तेव्हा मी आठ वर्षांची होते. दोन वर्षांनी, १९६७ साली, ती सांगलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागली. घर तिच्या पगारावर चाललं, माझं शिक्षण तिच्या पगारावर झालं, माझ्या लग्नातल्या पाटल्या तिच्या फंडातून आल्या. तिनं स्वतः लग्न केलं नाही आणि त्याबद्दल कुणी विचारलं तर "राहून गेलं" एवढंच म्हणायची. तिची संध्याकाळची ड्यूटी असली की मी तिचा डबा घेऊन जायचे. बाहेर बाकावर बसायला लागायचं, पण एकदा पावसात भिजून गेले म्हणून कुणीतरी आत घेतलं, आणि ती खोली मी जन्मभर विसरणार नाही. एका ओळीत उंच स्टुलांवर बसलेल्या बायका, समोर भोकांचा काळा बोर्ड, डोक्यावरून कानावर आलेला हेडसेट. कुठंतरी छोटा दिवा लागायचा. अक्का न बघता हात पुढं करायची, दोरीच्या टोकाची पितळी पिन उचलून त्या भोकात घालायची, दुसऱ्या हातानं कळ दाबायची. "नंबर प्लीज." "होल्ड करा." "बोला, पुणे बोला." बोलणं संपलं की पिन ओढून सोडून द्यायची आणि ती दोरी सरसर खाली जाऊन खट्ट आवाज करून आपल्या जागी बसायची. बोर्डाखाली वजनं असतात त्याला, तिनं नंतर सांगितलं. मला ते जादूसारखं वाटलं होतं. तो खट्ट आवाज अजून कानात आहे, आणि त्या खोलीचा वासही, ओल्या छत्र्यांचा, तापलेल्या तारांचा, कुणाच्या तरी केसातल्या शेवंतीचा.

ट्रंक कॉल म्हणजे काय हे आज पोरांना सांगावं लागतं. एकशे ऐंशीला फोन करून बुक करायचा आणि वाट बघत बसायचं, तास, दोन तास, कधी अख्खा दिवस. अर्जंट केला तर दुप्पट पैसे, लाइटनिंग केला तर आठपट. पी.पी. केला तर ऑपरेटर आधी त्या माणसाला फोनवर बोलावून घेणार आणि मगच जोडून देणार. दर तीन मिनिटांनी मध्ये येऊन विचारणार, "तीन मिनिटं झाली, वाढवायचा?" हे विचारताना अक्काला वाईट वाटायचं. माणसं तिसऱ्या मिनिटापर्यंत पाऊसपाणीच बोलत असतात गं, म्हणायची, खरं बोलायला लागतात आणि मी मध्ये येते. गावातल्या शेकडो माणसांचे नंबर तिला पाठ होते. हळदीच्या अडत्यांचे, डॉक्टरांचे, वखारीचे, मिरजेच्या दवाखान्यांचे. डिरेक्टरीला हात लावताना मी तिला पाहिलं नाही. आणि त्या शेकडो माणसांचं कानावर पडलेलं काही म्हणजे काहीही तिनं कधी घरी आणलं नाही. जोडून दिलं की कान काढून घ्यायचा, असा तिचा नेम होता. आई कधी खोदून विचारायची, अमक्यांच्या मुलीचं मोडलं म्हणतात, फोन झाला असेल ना? अक्का ताट पुढं ओढायची आणि आमटी वाढ म्हणायची.

एकच गोष्ट तिनं मला सांगितली, तीही निवृत्त झाल्यावर, २००६ नंतर कधीतरी, गच्चीत सांडगे घालताना. पुष्कळ वर्षांपूर्वी एका बाईंनी मुंबईला कॉल बुक केला होता. मुलगा तिकडं दवाखान्यात होता. लाइन मिळत नव्हती. मध्येच मुंबईच्या ऑपरेटरनं आपल्याआपल्यात सांगून टाकलं की तिकडून उलटा कॉल येतोय, मुलगा गेला. तेवढ्यात बाईंचा परत फोन. लागला का हो? अक्का म्हणाली, "लाइन लागत नाही बाई. अजून अर्धा तास तरी नाही लागायची. तुम्ही दोन घास खाऊन घ्या, मी लावून देते." आणि अर्ध्या तासानं मुंबईचा कॉल तिनं स्वतःच्या हातानं जोडून दिला. नेमाप्रमाणं कान काढून घेतला. "त्यांना जेवू दिलं," असं म्हणाली ती, आणि पुढचा सांडगा घातला. मी म्हटलं, पण ते खोटंच की गं. त्यावर ती काही बोलली नाही.

आजार सुरू झाला तो टेलिफोनपासूनच, असं आता मागं वळून बघताना दिसतं. मी पुण्यात, ती सांगलीत एकटी. रोज रात्री नऊला तिचा फोन यायचा. २०१३च्या सुमाराला तो साडेनऊला परत यायला लागला, तेच विचारायला, जेवलात का. मग दहाला. मला वाटलं, एकटेपण. कधी वैतागूनही बोलले, अक्का आत्ताच सांगितलं ना. मग कालनिर्णयच्या मागं, दूधवाल्याच्या खाड्याच्या शेजारी, तिच्या त्या सुरेख अक्षरात नंबर दिसायला लागले. माझाही होता. जी बाई सगळं गाव पाठ म्हणायची तिनं बहिणीचा नंबर भिंतीवर लिहून ठेवला होता, आणि मी तो पाहिला, आणि मनात म्हटलं, वय झालं. यावर माझी स्वतःवर फार नाराजी आहे. मग एक दिवस शेजारच्यांचा फोन आला. दुपारी दीड वाजता इस्त्रीची साडी नेसून, डबा घेऊन ती घराबाहेर पडली, मारुती चौकातून रिक्षा केली आणि एक्स्चेंजला चल म्हणाली. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. दोनच्या ड्यूटीला उशीर होतोय म्हणून बंद दरवाजापुढं ती उभी होती. रिक्षावाल्या मुलानं घरी आणून सोडलं. पैसे घेतले नाहीत त्यानं.

२०१५ला तिला पुण्यात आणलं. आधी रक्त तपासलं, बी-ट्वेल्व्ह, थायरॉईड. कारण त्यांच्या कमतरतेनंही असं होतं आणि ते बरं होतं. आम्ही दोघं देवाला विनवत होतो की काहीतरी कमी निघू दे. सगळं नीट निघालं. मग एमआरआय, मग डॉक्टरांसमोरची प्रश्नोत्तरं. आज वार कोणता, शंभरातून सात वजा करत या, हे तीन शब्द लक्षात ठेवा. आणि कागद पुढं सरकवून म्हणाले, एक घड्याळ काढा, त्यात आकडे लिहा आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. अक्कानं पेन्सिल हातात घेतली. गोल काढला, अगदी वाटीच्या कडेनं काढावा तसा. मग आकडे. एक, दोन, तीन. नऊपर्यंत गेली. नऊनंतर शून्य काढलं आणि पेन्सिल खाली ठेवली. आणि प्रत्येक आकड्याभोवती बोट जाईल एवढं बारीक वर्तुळ काढलं होतं.

तो फोनचा डायल होता.

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी खूण केली. चूक म्हणूनच केली असणार, आणि त्यांचं चुकलं नाही. पण मला त्या क्षणी त्यांच्या हातातून तो कागद ओढून घ्यावासा वाटला. तुम्ही विचारलं ते तिला येत नाही, तिला काय येतं ते बघा तरी, असं ओरडावंसं वाटलं. त्यांनी नंतर समजावलं ते मात्र चांगलं. मेंदूत समुद्रघोड्याच्या आकाराचा एक छोटा भाग असतो, हिप्पोकॅम्पस म्हणतात त्याला. नवं घडलेलं आधी तिथं टिपलं जातं. हा रोग बहुतेक वेळा तिथून सुरू होतो. म्हणून सकाळची न्याहारी जाते आणि पन्नास वर्षांपूर्वीचं राहतं. पाणी चढावं तसं हे अलीकडून पलीकडं चढत जाईल. गोळ्यांनी थोडं सुसह्य होईल, पाणी उतरणार नाही. हाताला लागलेली सवय मात्र फार उशिरा जाते, असंही म्हणाले.

ते खरंच होतं. आमच्याकडं एक वेताची जुनी खुर्ची आहे, जाळीच्या पाठीची. अक्का खाली चटईवर तिच्याकडं तोंड करून बसायची. परकराची नाडी हातात घ्यायची, टोकाला पीळ द्यायची आणि त्या जाळीच्या एका भोकात घालायची. क्षणभर थांबायची. डावा हात कानाशी. ओठ हलायचे. मग नाडी ओढून सोडून द्यायची आणि दुसऱ्या भोकाकडं वळायची. तासन्‌तास. चेहरा शांत, कामात असलेल्या माणसाचा. आधी मी तिला उठवायचे, अगं काय हे पोरासारखं. मग एकदा बाजूला बसून नीट पाहिलं. ती भोकं कुठलीही घेत नव्हती. ओळीनं घेत होती, आणि एक लावलेलं असलं की तिथं परत जात नव्हती.

पण संध्याकाळ झाली की हे सगळं मोडायचं. दिवेलागणीला अशा माणसांची घालमेल वाढते, हे असं आजारपण काढलेल्या घरांना सांगायला नको. अक्का उठायची, पदर खोचायची, दाराची कडी खटखटवायची. "घरी फोन लाव गं. आई वाट बघत असेल. उशीर होतोय सांग." आणि ते पाच आकडे. स्पष्ट, सुटे सुटे, ऑपरेटर सांगतो तसे. मी म्हणायचे, "पुढं?" म्हणजे, कुठल्या गावचा नंबर, कोणाचा, आज काय साल आहे, पुढं काय? डॉक्टरांचं बघून मीही तिची परीक्षा घ्यायला लागले होते. तिच्या मेंदूला व्यायाम होईल असं स्वतःला सांगून. मी एकटीच नव्हे. जो येईल तो तिच्यासमोर वाकून विचारायचा, ओळखलंस का मला? सांग बघू कोण? ती हसायची, "तुम्हाला कोण ओळखत नाही!" म्हणायची, आणि पाहुणे खूश होऊन चहा प्यायचे. नंतर ती माझ्याकडं ज्या नजरेनं बघायची, ती मला दिसत होती. वर्गात उभं केलेल्या मुलाची नजर.

आणि आई? आई १९८९ला गेली. मी खरं सांगायचे. अक्का, आई गेली. कधी? सव्वीस वर्षं झाली. त्यावर ती जी कोसळायची! कारण तिला ते आत्ता कळत होतं. पहिल्यांदा. मला कुणी कळवलं का नाही, मी ड्यूटीवर होते का, शेवटचं पाणी कुणी पाजलं? ती ढसाढसा रडायची, जेवायची नाही, आणि तासाभरानं डोळे पुसून उठून म्हणायची, घरी फोन लाव गं. मी परत खरं सांगायचे. एका संध्याकाळी तर मी भिंतीवरचा आईचा फोटो उतरवून, चंदनाच्या हारासकट, तिच्या मांडीवर ठेवला. बघ. बघ हार. आता पटलं? तिनं हारावरून बोट फिरवलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "मग मी आता कुणाला सांगायचं, उशीर होतोय म्हणून?"

हे मी केलं. माझ्या हातून झालं. ती चुकीचं बोलतेय हे मला सहन होत नव्हतं, एवढंच त्यामागं होतं. खऱ्याची चाड वगैरे नव्हती ती.

त्या रात्री झोप नव्हती, आणि पहाटे कधीतरी गच्चीतले सांडगे आठवले. दुसऱ्या संध्याकाळी कडी वाजली. घरी फोन लाव गं. मी हॉलमधला फोन उचलला, तिनं आकडे सांगितले, मी फिरवल्यासारखं केलं, कानाला लावून थोडा वेळ थांबले आणि म्हटलं, "अक्का, लाइन लागत नाही." तिचे खांदे सैल झाले. कडी सोडून ती आत आली. "सांगली नाही लागायची या वेळेला," म्हणाली. "ट्रॅफिक फार असतो. अर्ध्या तासानं लावा." ती मला 'लावा' म्हणाली. मला तिनं आयुष्यात कधी अहो-जाहो केलं नव्हतं. मी तिच्या शेजारच्या स्टुलावरची कुणीतरी झाले होते. "तोवर दोन घास खाऊन घेऊ या का?" मी विचारलं. तिनं ताट पुढं ओढलं.

मग रोज हेच. साडेतीन-चार वर्षं. त्यानं आजार थांबला नाही. शब्द गेले, मग चालणं गेलं, कपड्यांचं भान गेलं, आणि ते सगळं लिहायचं नाही असं मी ठरवलंय, कारण ते तिचं आहे आणि तिनं कुणाचं कधी बाहेर नेलं नाही. यांनी तिला उचलून ठेवलं, आंघोळीला मदत केली, एक शब्द न बोलता. तेवढं मात्र लिहून ठेवते. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. टीव्हीवर ओळखीचे चौक दिसत होते, म्हणजे दिसत नव्हते, पाटी तेवढी पाण्यावर. गावभागातलं आमचं घर बंदच होतं. अक्काची ट्रंक, आईची पैठणी, फोटो, सगळं आत. मी पदर तोंडाला लावून रडत होते. अक्का बराच वेळ पडद्याकडं बघत होती. "कुणाचं गाव गं हे?" मी काही बोलले नाही. मग ती स्वतःशीच म्हणाली, "लाइनी पडल्या असतील सगळ्या. माणसं लावत बसतील बिचारी." आणि हात वर करून, कितीतरी महिन्यांनी, कानाशी नेला.

ती फेब्रुवारी २०२२मध्ये गेली, घरीच, पहाटे. सगळे म्हणाले सुटली. मी मान हलवत राहिले. मीही सुटले होते. पहिल्या रात्री सलग सात तास झोपले आणि उठल्यावर त्या झोपेचीच शरम वाटली. संध्याकाळी दिवे लागले, कडी वाजली नाही, आणि मी हॉलमधल्या फोनपाशी जाऊन उभी राहिले, कशाला ते मला सांगता येणार नाही. आता तोही फोन काढलाय. खुर्ची आहे. जाळीतली उजवीकडची भोकं मोठी झालीत, वेत तिथं गुळगुळीत लागतो हाताला.

तर त्या दिवशी दुकानात. पोरगा दोनदा "पुढं?" म्हणाला आणि मी गप्प उभी. गल्ल्यावरून मालक म्हणाले, काय झालं रे? रांगेतल्या बाई म्हणाल्या, आठवा आठवा, सावकाश आठवा. मी आठवत होते आणि जितकं आठवत होते तितकं आत काळंभोर होत चाललं होतं. पोरानं एकदा माझ्या तोंडाकडं पाहिलं. बावीस-तेवीस वर्षांचा असेल. बोट परत यंत्रावर ठेवलं, भराभर काहीतरी दाबलं.

"राहू द्या काकू," म्हणाला, "माझाच टाकलाय." बिल फाडलं, खोबरेल तेलाची बाटली सांडू नये म्हणून पिशवीत उभी ठेवली, साबुदाण्याचा टेकू दिला तिला, आणि पिशवी माझ्या हातात देऊन मागच्या बाईंना विचारलं, "नंबर?"